मंद गाळणी

तिला ऑफिसात सगळे केरसुणी म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. कुणी नवीन माणूस रुजू झाला आणि बिचकत बिचकत तिला "मॅडम" म्हणाला, तर तीच सांगायची, "केरसुणी म्हणा हो. मॅडम म्हटलं की मला मागं वळून बघावंसं वाटतं, कोण आलंय ते."

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात प्रोग्रॅमर होती. विभाग कसला, तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. खाली हॉस्पिटलची लाँड्री, त्यामुळे खिडकी उघडली की इस्त्रीची वाफ आत यायची आणि बंद ठेवली की आठ माणसं आणि अकरा कॉम्प्युटर मिळून खोलीची भट्टी करायचे. हॉस्पिटलचा सगळा कारभार ज्या प्रोग्रॅमवर चाले तो सांभाळायचं काम या खोलीचं. पेशंटची नोंद, तपासण्या, खाटा, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं त्यात. सोळा वर्षांत इतक्या जणांनी त्यात इतकं काही लिहून ठेवलं होतं की निम्मं कशासाठी आहे ते लिहिणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. त्यातलं नको ते हुडकून काढून टाकायचं, हा केरसुणीचा खरा आनंद. बाकीचे आज किती ओळी लिहिल्या ते सांगत, ही किती पुसल्या ते सांगायची. एकदा वर्षअखेरीला साहेबांनी विचारलं, "यंदा काय काम केलंत?" तर म्हणाली, "उणे चौदा हजार." साहेबांना कळायला जरा वेळ लागला.

ही खोड कुठून आली ते तिच्या आईकडे बघितलं की कळायचं. आई कधी काही टाकत नसे. माहेरच्या दोन खोल्यांपैकी एक खोली रिकाम्या डब्यांची, डबे हरवलेल्या झाकणांची, सुतळीच्या गुंड्यांची आणि एकेकट्या चपलांची होती. "एकच चप्पल कशाला ठेवलीस गं?" असं विचारलं तर आई म्हणायची, "आणि दुसरी सापडली तर?" केरसुणीला अभ्यासाला जागा म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यामधली फट, आणि तिथंही रद्दीची चवड वाढत वाढत तिच्या मांडीवर यायची. माणूस अशा घरात वाढला की एक तर आईवर जातो, नाहीतर केरसुणी होतो. आता आई तिच्याच घरी राहायची, सोबत निम्मे डबे घेऊन. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, अतिशय शांत माणूस. त्यानं मायलेकींत तह घडवून आणला होता: आईच्या खोलीत आईचं राज्य, केरसुणीनं तिथं हात लावायचा नाही. तिनं बाहेर काय झाडायचं ते झाडावं.

या हॉस्पिटलात ती लागली ती टायपिस्ट म्हणून. जुन्या केसपेपरांवरचं कॉम्प्युटरात उतरवायचं, दिवसाला दोनशे. टाइप करता करता तिला प्रोग्रॅमच्या खोड्या दिसायला लागल्या. एकच गोष्ट हा पडदा दोनदा विचारतो, इथं तारीख उलटी येते, तिथं बटण दाबलं की काहीच होत नाही. तिनं त्याची यादी करून वर पाठवली. पुढच्या आठवड्यात आणखी एक. चौथ्या यादीनंतर वरच्या मजल्यावरून एक उंच, वाकलेले गृहस्थ खाली आले, यादी तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. बाकी सगळं बरोबर आहे. तक्रारी टाइप करण्यापेक्षा दुरुस्त्या टाइप करायला शीक."

हे मास्तर. त्यांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण दुसऱ्याचा प्रोग्रॅम कागदावर छापून लाल पेननं तपासायची त्यांना सवय होती, म्हणून मास्तर. हे पाठीमागचं नाव, समोर सगळे सर म्हणत. त्यांनी तिला दीड वर्ष रोज जेवणाच्या सुट्टीत जावा, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, शिकवली. का शिकवलं? काही कारण नव्हतं. ना ओळख, ना नातं, ना कुणी सांगितलेलं. डबा खात खात शिकवायचे आणि बोटं खराब असली की कोपरानं पडद्यावर दाखवायचे. केरसुणी आजही म्हणते की न मागता मला कुणी काही दिलं असेल तर ते त्या माणसानं दिलं, आणि ते मी पुरतं फेडू शकणार नाही.

त्यातला एक धडा तिला शब्दन् शब्द पाठ होता.

"समज, औषधाच्या चिठ्ठ्या तपासणारी एक बाई आहे," मास्तर म्हणाले. प्रोग्रॅममधला प्रत्येक क्लास, म्हणजे एकेक काम करणारा तुकडा, त्यांच्या तोंडी बाई किंवा बुवा असायचा. "तिला ॲलर्जी बघणारा एक बुवा मदतीला लागतो. तो तिनं कुठून आणायचा?"

"शोधून."

"शोधत बसली तर चिठ्ठ्या कधी तपासणार? तिनं फक्त दारावर पाटी लावायची, मला असा असा माणूस हवा. आणून हातात द्यायचं काम फ्रेमवर्कचं, ज्या तयार सांगाड्यावर आपला प्रोग्रॅम उभा आहे त्याचं."

"पण फ्रेमवर्कला तो कुठं सापडणार, सर?"

"त्या बुवाच्या कपाळावर खूण असते. प्रोग्रॅम सुरू झाला की फ्रेमवर्क वरच्या फोल्डरपासून खालच्यापर्यंत सगळं घर फिरतं. खूण दिसली की उचलायचं, तयार करायचं आणि ज्यानं मागितलं त्याला नेऊन द्यायचं. तिनं त्याचं नाव घ्यायचं नाही, त्यानं तिचं घ्यायचं नाही."

"आणि ती म्हणाली, तपासणारे जितके असतील तितके सगळे द्या, तर?"

"तर सगळे मिळतात. आज तीन असतील तर तीन. उद्या तू चौथा लिहिलास आणि खूण लावलीस की तो आपोआप रांगेत येऊन उभा. बाईला कळवायलासुद्धा नको."

केरसुणीला हे इतकं आवडलं की त्या दिवशी तिनं डबा तसाच परत नेला. घरात ज्याला त्याला मोजे, किल्ल्या, वह्या, कात्री शोधून देण्यात तिची अर्धी सकाळ जायची. आणि इथं नुसतं "हवं" म्हटलं की कुणीतरी मुकाट्यानं आणून देत होतं. असं घर असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मास्तरांच्या आणखी दोन खोडी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं घडलं. पहिली म्हणजे ते प्रोग्रॅममध्ये नावं आपल्याच भाषेतली द्यायचे, फक्त अक्षरं इंग्रजी. "इंग्रजी शब्द मला हुडकावा लागतो, हा तोंडातच असतो," म्हणायचे. पोरं हसायची. दुसरी खोड अशी की फ्रेमवर्कची साधी खूण त्यांना पुरत नसे. तिच्याभोवती ते स्वतःची एक खूण करायचे. वरून नाव मास्तरांचं, पोटात खूण फ्रेमवर्कची. फ्रेमवर्कला ते चालतं, पोटात बघायची अक्कल त्याला असते. माणसाला मात्र वरचंच नाव दिसतं.

सहा वर्षांपूर्वी मास्तर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. त्यांची खुर्ची केरसुणीला मिळाली. तिचं एक चाक तेव्हाही नव्हतं.

यंदा फ्रेमवर्कची नवी आवृत्ती घ्यायची ठरलं. घर बदलताना आपण सामान कमी करतो, तसं आधी प्रोग्रॅम हलका करायचा होता. साहेबांनी काम कुणाला दिलं ते सांगायला नकोच. कुठले क्लास कुणी वापरत नाही याची यादी काढणारं एक हत्यार असतं, ते तिनं चालवलं. एखाद्या क्लासचं नाव दुसऱ्या कुणी घेतलं आहे का एवढंच ते बघतं. यादीत फ्रेमवर्कची खूण लावलेलेही बरेच आले. ते तिनं बाजूला काढले, इतकी ती जाणती होती. उरलेल्यांत अकरा क्लास असे होते की त्यांच्या कपाळावर एक वेगळीच खूण होती: आठवण.

तिनं पहिला उघडला. बॅकअपची टेप शुक्रवारी बदला, असं सांगणारा. टेप जाऊन बारा वर्षं झाली होती. दुसरा बंद झालेल्या एका सिरपविषयी. तिसरा फॅक्सविषयी. चौथा, पाचवा, तसलेच. तिला हसू आलं आणि जरा भरूनही आलं. म्हाताऱ्यांना जुनी कामं टाकवली नाहीत, ती आठवण म्हणून ठेवून गेले, असं ती समजली. घरी एक आई होतीच, इथं दुसरी निघाली. राहिलेल्या सहांची तिनं नुसती नावं वाचली. त्यातलं एक होतं, मंद गाळणी. गाळणी म्हणजे फिल्टर, रिपोर्टातल्या नोंदी गाळणारं काहीतरी जुनं असणार, आणि त्यातही मंद. मंद गाळणी ठेवायची कशाला? तिनं अकराही पुसले. प्रोग्रॅमनं चूं केलं नाही. करणार कसं, त्यांचं नाव कुणी घेतलेलंच नव्हतं. चाचण्या हिरव्या, म्हणजे पास आल्या, कारण मास्तरांच्या काळात त्या खुणेच्या चाचण्या कुणी लिहिल्याच नव्हत्या. साहेबांनी यादीवर नजर टाकून मान डोलावली. सोमवारी सकाळी सात वाजता नवा प्रोग्रॅम सुरू झाला. सुरू होताना त्यानं एक ओळ लिहिली, सापडलेले नियम एकतीस. आदल्या दिवशी ती ओळ बेचाळीस म्हणत होती. ती ओळ रोज येते, ती कोण वाचतो?

दुपारी बारा वीसला तिच्या टेबलावरचा फोन वाजला. औषधांच्या खिडकीवरच्या ताई होत्या. बावीस वर्षं त्या खिडकीत बसून गोळ्या देणाऱ्या या बाई कॉम्प्युटरवाल्यांना कधी फोन करत नसत, केला तर प्रिंटरबद्दल शिव्या द्यायला.

"अगं, आज तुमचा पडदा गप्प का आहे?"

"गप्प म्हणजे, ताई?"

"ॲलर्जीचे दोन लाल इशारे आले. पण किडनीचा सकाळपासून एकही नाही. दुपारपर्यंत तीन-चार येतातच, रोज येतात. मला चैन पडेना म्हणून मी एक चिठ्ठी हातानं तपासली. वॉर्डातल्या बाई आहेत, किडनी पार मंदावलेली, आणि पूर्ण मात्रा लिहिलीय. पडदा काही बोललाच नाही."

मंदावलेली. केरसुणीला पुसलेलं ते नाव आठवलं, मंद गाळणी. रक्त गाळते ती किडनी. मास्तरांच्या तोंडी तिचं नाव दुसरं काय असणार? रिपोर्ट नाही, नोंदी नाही, माणसाच्या पोटातली गाळणी.

तिनं फोन कानाला तसाच धरून पुसलेली फाइल जुन्या प्रतींतून बाहेर काढली आणि पहिल्यांदाच उघडून वाचली. बारा ओळींची होती. मग ती खूण उघडली, आठवण, आणि तिच्या पोटात फ्रेमवर्कची खूण दिसली. ती म्हणाली, "ताई, मी केलंय हे. मी तो नियम काढून टाकलाय."

"कधीपासून?"

"सात वाजल्यापासून."

"मी खिडकी बंद करते," ताई म्हणाल्या. "तू तुझं कर आणि खाली ये."

अकराही फाइली परत टाकून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायला नऊ मिनिटं लागली. सापडलेले नियम बेचाळीस. ही ओळ तिनं तीनदा वाचली. पण अशा फसव्या खुणा आणखी किती असतील, ही भीती होतीच, म्हणून जिना उतरता उतरता तिनं मास्तरांना फोन लावला. ते न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते, मागं कात्रीचा आवाज येत होता.

"सर, तुमची ती आठवण नावाची खूण. ती कशासाठी होती?"

"आठवण करून द्यायला. दुसऱ्या कशासाठी असणार?"

ती जिन्यातच थांबली. आठवण म्हणून ठेवलेलं आणि आठवण करून देणारं. शब्द एकच, आणि तिनं नेमका चुकीच्या बाजूनं धरला होता. तिनं काय झालं ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. कात्री थांबली.

"माझ्या स्वतःच्या खुणा तीनच होत्या," मास्तर म्हणाले. "दोन मी जाताना काढल्या. ही राहिली. ती किडनीची गाळणी मी लिहिली होती का?"

"तुम्हीच, सर. फाइलीवर तुमच्याच नावाची अक्षरं आहेत."

"असेल. मला काही आठवत नाही बघ. कुणी सांगितलं, काय झालं होतं, काहीच नाही." मग म्हणाले, "नाव वाईट दिलं मी. निम्मी चूक माझी धर. चिठ्ठ्या किती गेल्या?"

"त्रेसष्ट."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? पळ."

तिनं त्या त्रेसष्ट चिठ्ठ्या परत आलेल्या नियमाकडून तपासून घेतल्या. चार लाल आल्या. तिघे वॉर्डातच होते. ताईंनी स्वतः जाऊन दोघांच्या गोळ्या उशाशेजारून उचलल्या, तिसऱ्या बाईंनी एक घेतली होती, त्यांच्या डॉक्टरांना गाठून सांगितलं. चौथे घरी गेले होते. वय अडुसष्ट, काम गवंडी, पायाच्या जखमेत पू झाला म्हणून सात दिवसांच्या गोळ्या, सकाळ आणि संध्याकाळ. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. ताईंनी दुपारभरात दहा वेळा लावला आणि ॲप्रन काढून खुंटीला टांगला.

"एकीनं काही होत नाही गं. साठत गेल्या की होतं. पण म्हातारा माणूस, आधीच किडनी अशी. आपण जाऊ."

"मी एकटी जाते, ताई. चूक माझी आहे."

"तुला गोळ्यांतलं काय कळतं?" ताई म्हणाल्या आणि स्कूटरची किल्ली घेतली.

स्कूटरवर मागं बसून केरसुणीनं काय विचार केला असेल ते सांगण्यासारखं नाही. रोज कौतुकानं सांगायची ते सगळं तिच्या अंगावर आलं. उणे चौदा हजार. त्यांतल्या किती ओळी कुणाला वाचवायला उभ्या होत्या कुणास ठाऊक. तिला रडू येत नव्हतं. समोर ताई तोंडानं पत्ता घोकत चालल्या होत्या, आणि या बाईनं दुपारी फोन केला नसता तर काय, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत होता.

घर एका गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत केलेल्या माणसाच्या स्वतःच्या घराला बाहेरून गिलावा नव्हता. दार गवंडीकाकांच्या बायकोनं उघडलं. काका आत कॉटवर, पाय उशीवर, शेजारी गोळ्यांचं पाकीट. फोन चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत ठेवलेला.

"गोळी घेतली का, काका?" ताईंनी दारातूनच विचारलं.

"सकाळची घेतली. आता संध्याकाळची घ्यायची." साडेपाच वाजले होते.

ताई कॉटच्या कडेला बसल्या. पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं, डॉक्टरांना विचारून आणलेलं दुसरं काढून दिलं आणि निम्म्या मात्रेचं समजावून सांगितलं. उद्या सकाळी रक्त तपासायला या, गाडी पाठवते. काका मान डोलवत होते. सगळं निभावलं होतं. केरसुणी गप्प बसली असती तर कुणाला काही कळलंही नसतं, आणि ताई तिला बोलायला लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण ती बोलली.

"काका, पडद्यावर तुमच्या नावापुढं लाल यायला हवं होतं. ते सांगणारा नियम मी काढून टाकला. जुना, निरुपयोगी आहे असं वाटलं मला. उघडून न बघता टाकला."

काकू बोलल्या. "तुमची साफसफाई होते आणि आमचा माणूस जातो! उघडून बघायला काय झालं होतं? एवढाल्या शिकलेल्या बायका!" आणि असं बरंच. केरसुणीनं सगळं ऐकून घेतलं, कारण त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेवटी काकांनी हात वर केला.

"पुरे आता. भिंत वाकडी झाली की आमच्यातला कोण कबूल करतो गं? गिलाव्यात झाकतात. या बाई जिना चढून सांगायला आल्या." मग केरसुणीकडे वळून म्हणाले, "पाणी घ्या."

ते पाणी तिनं घेतलं, आणि मग मात्र तिला रडू आलं.

घरी तिनं जेवताना सगळं सांगितलं. नवऱ्यानं नेहमीप्रमाणं काही सल्ला दिला नाही, तिच्या पानात वाढत राहिला. आई म्हणाली, "टाकलेलं परत सापडलं ना? मग झालं." एवढंच. टोमणा मारायची इतकी नामी संधी आईनं सोडली, याबद्दलही केरसुणीनं मनातल्या मनात तिचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी काकांचं रक्त ठीक आलं. ताईंनी फोनवर सांगितलं आणि लगेच प्रिंटरबद्दल शिव्या दिल्या. केरसुणीनं झाल्या चुकीबद्दलचा अहवाल स्वतःच्या नावानं लिहिला, बेचाळीस नियमांपैकी एक जरी सापडला नाही तरी प्रोग्रॅमनं सुरूच होऊ नये अशी सोय केली, आणि एकेका नियमाची चाचणी लिहायला घेतली. मास्तरांना तिनं पुन्हा फोन करून रक्त ठीक असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "छान. आणि निम्मी चूक?" ती म्हणाली, "ती मी घेतली, सर. तुमचं बाकीचंच माझ्यावर खूप आहे."

आठ दिवसांनी गवंडीकाका जखमेची पट्टी बदलायला आले आणि काठी टेकत तिसऱ्या मजल्यावर चढले. खोलीतली सगळी उठून उभी राहिली. केरसुणीनं त्यांना आपली खुर्ची दिली, चाक नाही त्या बाजूला पाय टेकवायला सांगितला.

"तुम्ही तो नियम म्हणाला होता ना," काका म्हणाले. "दाखवता का?"

तिनं फाइल उघडली. काकांनी चष्मा चढवला, पडद्याजवळ गेले आणि बोट वरून खाली फिरवलं.

"ह्यात माझं नाव कुठंय?"

"नाव नाही, काका. कुणाचंच नाही."

"मग मला कसं ओळखलं?"

"ओळखत नाही. ज्याला गरज असेल त्याच्यापुढं उभा राहतो, एवढंच त्याला माहीत आहे."

"लिहिलं कुणी?"

"आमच्या सरांनी. खूप वर्षांपूर्वी. त्यांच्याही लक्षात नाही."

काका पडद्याकडे बघत राहिले. जन्मात कितीतरी घरं बांधली असतील त्यांनी, आणि त्यांत कोण राहायला येणार ते कधी विचारलं नसेल. "मला वाचता येत नाही हे असलं," ते म्हणाले. "वाचून दाखवा."

तिनं वाचलं, मास्तरांच्याच शब्दांत. पेशंटची गाळणी मंद असेल, आणि गोळी गाळणीतून जाणारी असेल, तर थांब. मात्रा निम्मी कर. डॉक्टरांना विचार.

"परत वाचा."

तिनं परत वाचलं. या वेळी "थांब"च्या आधीच ती थांबली. काकांनी तो शब्द तिच्याऐवजी स्वतःच म्हटला.